अमूर्त चित्र कोणाच्या मालकीचे?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या एका लिलावात वासुदेव संतू गायतोंडे यांचे १९७० सालचे एक बिनशीर्षकाचे चित्र ६७ कोटी रुपयांवर विकले गेले. गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला, तेव्हा या बातमीत नागपूरकरांना थोडा अधिक रस वाटावा हे साहजिकच. बातमी होती ती मात्र आकड्याची. त्या कॅनव्हासवर काय आहे, ते पाहावे कसे, आणि एका माणसाने आयुष्यातली चाळीस-पन्नास वर्षे अशाच चित्रांना का वाहिली, हे प्रश्न आकड्याखाली गाडले गेले.

चळवळीत वावरणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली थट्टेची : असले डाग तर आमचा पोरगाही पाडील. दुसरी संतापाची : विदर्भातला कापूस उत्पादक कर्जापायी गळफास घेतो आणि त्याच देशात पिवळ्या रंगाच्या एका पत्र्याला कोट्यवधी मोजले जातात. दुसरी प्रतिक्रिया अगदी रास्त आहे, परंतु ती चित्राविषयी नाही; ती पैशाविषयी आहे. पहिली चित्राविषयी आहे, पण ती चित्र न पाहताच दिलेली असते. या दोन्हींच्या मधे जी जागा उरते तिचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने करायला हवा. कारण तो ती जागा मोकळी सोडतो, आणि लिलाववाला तिथे येऊन बसतो.

अमूर्त कलेविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप घरातलाच आहे. टॉलस्टॉयचे कलेवरील पुस्तक साने गुरुजींनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणले. टॉलस्टॉयचा निकष सरळ होता. कलावंताने अनुभवलेली भावना दुसऱ्याच्या अंतःकरणात उतरवणे म्हणजे कला. जी कला साध्या शेतकऱ्याच्या अंतःकरणात उतरत नाही ती श्रीमंतांची करमणूक. या विचारात एक नैतिक तेज आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि हाच निकष हाती घेऊन टॉलस्टॉयने बीथोव्हेनची नववी सिंफनी बाद केली, आणि दोन गोष्टींचा अपवाद सोडता स्वतःचे सारे ललित लेखनही बाद ठरवले. म्हणजे ‘युद्ध आणि शांती’ही गेली. जो काटा इतके सगळे खोटे ठरवतो, तो काटाच एकदा तपासून पाहणे भाग आहे.

काट्यातला दोष ‘समजणे’ या शब्दात आहे. शेतकऱ्याला जे आज समजत नाही ते त्याला समजण्याजोगे नाहीच, असे टॉलस्टॉय गृहीत धरतो. पण हे अक्षरांच्या बाबतीत कोणी म्हटले का? शंभर माणसांपैकी नव्वद जणांना वाचता येत नव्हते, तेव्हा लिपी ही उच्चवर्णीयांची चैन आहे म्हणून तिच्यावर बहिष्कार घालावा असे जोतीराव फुल्यांनी सांगितले नाही. त्यांनी शाळा काढल्या. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी झगडले आणि १८९० मध्ये ती मिळवली. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी ही घोषणा जगभरच्या कामगारांनी दिली. तिसरे आठ तास कशासाठी मागितले होते, याचा विसर चळवळीला पडला तर मालकाला आनंदच होईल. डोळ्यालाही अक्षरओळख लागते, आणि ती ज्याला मिळाली नाही त्याला ‘तुला हे नकोच आहे’ असे सांगणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय होय.

मार्क्सने हे टॉलस्टॉयच्या अर्धशतकापूर्वीच ओळखले होते. १८४४ च्या हस्तलिखितांत, जी १९३२ पर्यंत पूर्ण छापलीही गेली नव्हती, तो म्हणतो की माणसाची पंचेंद्रिये निसर्गाने तयार करून दिलेली नाहीत. ती साऱ्या मानवी इतिहासाच्या श्रमातून घडली आहेत. संगीताचा कान नसलेल्याला सर्वोत्तम संगीतही निरर्थक. भुकेने व्याकुळ माणसाला अन्नाचे माणसाळलेले रूप दिसत नाही. आणि खनिजांच्या व्यापाऱ्याला खनिजाचा भाव दिसतो, सौंदर्य दिसत नाही. हा व्यापारी लिलावगृहात पहिल्या रांगेत बसलेला असतो. तेव्हा अमूर्त चित्र श्रीमंतांना कळते आणि गरिबांना कळत नाही, ही समजूत सपशेल चुकीची आहे. बहुतेक श्रीमंतांनाही ते कळत नाही. त्यांना ते परवडते, इतकेच.

आता इतिहासाकडे वळू, कारण ‘अमूर्त म्हणजे भांडवली’ हे समीकरण जितके ठामपणे मांडले जाते तितका त्याला इतिहासाचा आधार नाही. कासिमिर मालेविचचा ‘काळा चौकोन’ डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात लागला, आणि तोही दालनाच्या वरच्या कोपऱ्यात; रशियन घरात जिथे देवाची प्रतिमा टांगतात त्या जागी. क्रांतीनंतर तोच मालेविच वितेब्स्कच्या कलाशाळेत शिकवत होता. त्याच वर्तुळातल्या एल लिसित्स्कीने यादवी युद्धात एक भित्तिपत्रक काढले. पांढऱ्या वर्तुळात घुसणारा एक लाल त्रिकोण, थोडी अक्षरे, बस्स. त्यात सैनिक नाही, बंदूक नाही, नेत्याचा मुखवटा नाही. तरी लाल सेना आणि श्वेत सेना यांची झुंज त्या भूमितीत उभी राहते. ज्या कार्यकर्त्याने आयुष्यभर भिंती रंगवल्या त्याने हे पत्रक एकदा पाहावे, आणि मग अमूर्त आकाराला अर्थ नसतो असे म्हणून दाखवावे.

पुढे १९३४ मध्ये समाजवादी वास्तववाद ही अधिकृत भूमिका ठरली आणि ही सारी मंडळी अडगळीत गेली. १९३७ मध्ये म्युनिकला नाझींनी आधुनिक चित्रांचे ‘भ्रष्ट कला’ म्हणून धिंडवडे काढले. १ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोच्या मानेझ दालनात निकिता ख्रुश्चेव्ह यांनी नव्या चित्रकारांना शेलक्या शिव्या दिल्या. एर्न्स्त नेइझ्वेस्तनी या शिल्पकाराने त्यांच्याशी तोंडावर वाद घातला. ख्रुश्चेव्ह १९७१ मध्ये वारले. त्यांच्या कुटुंबीयांनी थडग्यावरच्या स्मारकाचे काम दिले ते नेइझ्वेस्तनीलाच. नोवोदेविची स्मशानभूमीत ते उभे आहे : मधे काशाचे मस्तक, आणि भोवती एकमेकांत गुंतलेले काळे-पांढरे ठोकळे. त्या माणसाच्या आयुष्यातले चांगले आणि वाईट इतक्या नेमकेपणाने सांगायला शिल्पकाराला अखेर अमूर्त आकारच लागले.

दुसरी बाजूही लपवण्याचे कारण नाही. शीतयुद्धात अमेरिकेने पोलॉक आदींची चित्रे मुक्त जगाची जाहिरात म्हणून वापरली. १९५८-५९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने नव्या अमेरिकी चित्रकलेचे प्रदर्शन युरोपभर फिरवले, आणि त्या काळात सांस्कृतिक स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या एका बड्या आंतरराष्ट्रीय संघटनेमागे सी.आय.ए.चा पैसा होता हे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले. गायतोंडेही १९६४ मध्ये रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते. पण त्यांच्या चित्रांतून मनुष्याकृती गेली ती पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे शिष्यवृत्तीच्या कितीतरी आधी. एका राजवटीने चित्र जाळले आणि दुसरीने ते मिरवले. दोघांनीही ते पाहिले होते, असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

नागपूरच्या मातीतला पुरावा याहून जुना आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात मोठ्या स्तूपांचे अवशेष आणि कोरीव स्तंभ मिळाले. त्यांत मुचलिंद नागाचे शिल्प आहे. पावसापासून बुद्धाला आडोसा देणारा हा नाग. पण फण्याखाली बुद्ध नाही. तिथे रिकामे आसन आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विदर्भातील साध्या उपासकाला त्या रिकाम्या आसनापुढे उभे राहून ‘यात माणूस कुठे आहे?’ असा प्रश्न पडला नसावा. अर्थात हे संकेतचिन्ह आहे, आजच्या अर्थाने अमूर्त चित्र नव्हे. कथा ठाऊक असणाऱ्यालाच ते उलगडते. तरी जे दाखवलेले नाही तेच पाहण्याची सवय या मुलखातल्या डोळ्याला नवीन नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. आज दीक्षाभूमीचा भव्य घुमट पाहून लाखो माणसे स्तब्ध होतात. घुमट हे कशाचे चित्र आहे, असे त्यांतले कोणी विचारते काय?

आणि विणकर. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा या पट्ट्यातल्या कोष्टी विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या करवतकाठी साडी विणली. टसरचे मातकट-सोनेरी अंग, आणि काठाला करवतीच्या दातांची रांग. काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवीत तीन धोट्यांनी ते दाते काढावे लागतात. दात किती उंच, दोन दातांत अंतर किती, लाल काठाशेजारी टसरचा रंग मंद पडतो की उजळतो, हे सगळे निर्णय विणकर घेतो आणि त्यांतल्या एकाही निर्णयाला ‘विषय’ नसतो. फूल नाही, मोर नाही, प्रसंग नाही. आहे ते फक्त रंगाचे रंगाशी आणि रेषेचे रेषेशी नाते. तो काठ निवडणारी बाई दुकानात दहा घड्या उलगडून पाहते, नऊ बाजूला सारते आणि एकीवर हात ठेवते. का, हे तिला शब्दांत सांगता येणार नाही. पण तिचा निर्णय मनमानी नसतो. शेजारची बाई लगेच ‘हीच’ म्हणते. अमूर्त चित्र पाहायला जी बुद्धी लागते ती हीच. ती या कामकरी वर्गाच्या हातात आहे, फक्त तिला चित्राच्या दालनात आणण्याचे कोणी मनावर घेतलेले नाही.

आलापात शब्द नसतात म्हणून कोणी बैठकीतून उठून जात नाही, हा दाखला नेहमीचा आहे. तो इथे लांबवण्याचे कारण नाही.

ही बुद्धी शिकवता येते का? नागपूरशी निगडित दुसऱ्या मोठ्या चित्रकाराचे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर देते. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यात एका वनाधिकाऱ्याच्या घरी जन्मले. काकैयाच्या प्राथमिक शाळेत या पोराचे चित्त थाऱ्यावर नसे. नंदलाल झारिया या शिक्षकाने एकदा भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला त्या ठिपक्याकडे पाहत बसायला सांगितले. ही हकीकत रझांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितली. १९३९ ते १९४३ ही चार वर्षे ते नागपूरच्या कलाशाळेत होते, मग मुंबईचे जे. जे., आणि १९५० मध्ये फ्रान्स. तिथे त्यांनी घरे, टेकड्या, चर्च, रात्रीची रंगांनी पेटलेली अरण्ये रंगवली. काळा बिंदू त्यांच्या चित्रात ठाण मांडून बसला तो पन्नाशी उलटल्यावर. एका खेड्यातल्या मास्तरने दिलेला धडा पचायला इतकी वर्षे लागली. त्यांच्या उत्तरायुष्यातले काही बिंदू सरावाने काढल्यासारखे वाटतात, हे मान्यच केले पाहिजे. ज्याला मागणी येते त्याची पुनरावृत्ती होते आणि बाजार ती करून घेतो. पण ऐंशीच्या दशकातल्या चांगल्या चित्रांत तो काळा गोल म्हणजे विहिरीत वाकून पाहावे तसा खोल होतो. एका आदिवासी मुलखातल्या प्राथमिक शिक्षकाला मुलाचे पाहणे घडवता आले, तर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गाला ते अशक्य का असावे?

गायतोंडे यांचा नागपूरशी संबंध जन्मापुरताच. आई-वडील गोव्याचे, वाढ मुंबईच्या गिरगावातल्या चाळीत, १९४८ मध्ये जे. जे. ची पदविका. १९७२ नंतर ते दिल्लीत एका साध्या बरसातीत राहिले. संसार केला नाही. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे, कधी त्याहूनही कमी. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठा कॅनव्हास हाताळता येईना, तेव्हा कागदावर छोटी रेखाटने केली. २००१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या मृत्यूची फारशी कुणी दखल घेतली नाही. बाजार जागा झाला तो नंतर. त्यांना ‘अमूर्त’ हा शब्दही मान्य नव्हता. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत असे ते म्हणत. फरक बारीक पण महत्त्वाचा आहे. अमूर्त म्हणजे कशापासून तरी काढून घेतलेले. आधी झाड होते, मग त्याचे झाडपण उरले. गायतोंडे यांच्या चित्राआधी झाड नाहीच. त्यामुळे ‘यात काय दडले आहे?’ हा कोड्यातला प्रश्न त्या चित्राला लागूच पडत नाही.

मग पाहायचे काय? आधी श्रम पाहावेत. हा माणूस कुंचल्यावर अवलंबून नव्हता. रूळ आणि पॅलेटची सुरी ही त्याची मुख्य हत्यारे. रंगाचा एक थर पसरायचा, तो पुसायचा, पुन्हा दुसरा. मासिकांचे कागद फाडून त्यांचे आकार ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे, म्हणजे काही रंग कागदाबरोबर जातो आणि काही मागे राहतो. भिंतीचा जुना चुना कुठे धरून असतो, कुठे पोपडा सुटलेला असतो, तशी पृष्ठभागाची हकीकत तयार होते. हे दिसायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटात फक्त एक रंग दिसतो, समजा पिवळा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटात तो पिवळा एक नाही हे ध्यानात येते. खालून कुठे तपकिरी, कुठे राखाडी वर येते. मग मधल्या आकारांचे वजन जाणवू लागते : हा बुडतो आहे, तो तरंगतो आहे, हा उजवीकडचा पट्टा नसता तर सगळे कोसळले असते. नवशिक्याला एवढे पुरे. अर्थ सांगण्याची घाई करू नये. बुद्धिबळाचा पट जसा चालींतून कळतो तसे हे चित्र तोलांतून कळते, आणि ज्याने आयुष्यभर मालाचा तोल, भिंतीचा ओळंबा किंवा मागाचा ताण सांभाळला आहे त्याला प्राध्यापकापेक्षा ते लवकर जमण्याची शक्यता आहे.

फसवणूक नाही काय? आहे, आणि भरपूर आहे. बँकांच्या आणि हॉटेलांच्या प्रवेशदालनांत सोफ्याशी रंग जुळवून लावलेली चित्रे बहुधा भिंतकागदच असतात. त्यांची एक साधी कसोटी आहे. पाच मिनिटे पाहिल्यावर त्यांत पहिल्या क्षणापेक्षा अधिक काही दिसत नाही.

अवघडपणाविषयी एक गोष्ट नागपूरच्या चळवळीने तरी विसरू नये. गजानन माधव मुक्तिबोध या शहरात अनेक वर्षे राहिले, आकाशवाणीत आणि ‘नया खून’ या साप्ताहिकात त्यांनी काम केले. ते पक्के मार्क्सवादी होते, आणि त्यांच्या हिंदी कविता इतक्या दुर्बोध की पहिला संग्रह १९६४ मध्ये निघाला तो त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. आज डाव्या चळवळीतला कोणता हिंदी कार्यकर्ता त्या कवितांना भांडवली म्हणतो? त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी याच नागपुरात मराठीतून मार्क्सवादी सौंदर्यविचाराची मांडणी केली आणि मानुषता हे साहित्याचे मूल्य मानले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घोषणा म्हणजे साहित्य नव्हे, हे त्या काळी विचारान्ती सांगणारा माणूस समाजवादाचा शत्रू नव्हता.

राहता राहिला मालकीचा प्रश्न, आणि तो राजकीय आहे. राममनोहर लोहियांनी हैदराबादला बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे मकबूल फिदा हुसेन यांना सुचवले की टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यांसाठी चित्रे काढण्याऐवजी रामायण रंगवा. हुसेन यांनी ते वर्षानुवर्षे रंगवले आणि चित्रे जवळच्या खेड्यांत नेऊन दाखवली, असे त्यांनी नंतर सांगितले. ती चित्रे अमूर्त नव्हती, पण हुबेहूबही नव्हती. लोहियांनी हुसेनना सोपे काढा असे सांगितले नाही. चित्र कोठे न्यायचे ते सांगितले. गायतोंडे यांची चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, मुंबईत होमी भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आहेत. उरलेली अनेक खाजगी तिजोऱ्यांत. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला, म्हणजे लोकांच्या अजब बंगल्याला, १८६३ पासूनचा इतिहास आहे. दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय याच शहरात आहे. गायतोंडे आणि रझा यांच्या अस्सल चित्रांचे वर्षातून एक महिना तरी नागपुरात विनाशुल्क प्रदर्शन व्हावे, राष्ट्रीय संग्रहातली चित्रे त्यासाठी उसनी मिळावीत, आणि ते रविवारी व संध्याकाळी उघडे असावे, ही मागणी नगरसेवकांनी, आमदारांनी आणि कामगार संघटनांनी करण्यासारखी आहे. राष्ट्रीय संग्रहातले चित्र जनतेच्या पैशातून घेतलेले असते.

तोवर अभ्यासवर्गांनी थांबण्याची गरज नाही. छापील प्रतीवरून गायतोंडे कळत नाहीत, कारण थर छापले जात नाहीत. त्यासाठी अस्सल चित्रच हवे. पण लिसित्स्कीचा लाल त्रिकोण छापील कागदासाठीच होता आणि तो कोठेही लावता येतो. शासकीय चित्रकला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची कामे पाहायला कार्यकर्त्यांचा जथा नेता येतो, आणि त्या पोरांनाही कोऱ्या चेहऱ्याच्या पाहुण्यांपेक्षा भांडणारे प्रेक्षक मिळतील. उमरेडचा एखादा विणकर शिबिरात बोलावून, काठाचे दोन नमुने समोर ठेवून, एक का जमला आणि दुसरा का फसला हे त्याच्याच तोंडून ऐकता येते. सुरुवात त्याच्यापासून करावी, आणि चित्रकाराला दुपारच्या सत्रात बोलवावे.